घरावरचे बेचाळीस सिमेंटचे पत्रे

दापोली तालुक्यातल्या आमच्या घरावर बेचाळीस सिमेंटचे पत्रे होते, आणि त्या सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक असे खनिजाचे तंतू. आता एकही नाही. हे व्हायला चौदा महिने लागले. त्यातलं पत्रे उतरवण्याचं काम फक्त चार दिवसांचं. बाकीचे दिवस कुठे गेले ते लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या माणसाला निदान कुठल्या दारावर कधी थाप मारायची ते कळेल.

आधी घराविषयी. चिऱ्याच्या भिंती, पुढे ओटी, मागे पडवी. मुळात कौलं होती. वानरांनी वैताग आणला म्हणून बाबांनी १९९८ साली कौलं उतरवून सिमेंटचे पत्रे घातले. तेव्हा वाडीत ती सुधारणाच मानली गेली. दरवर्षी कौलं शाकारायची कटकट गेली, वानरं नाचली तरी गळत नव्हतं. त्या पत्र्यांना ‘ॲस्बेस्टॉसचे’ म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. दुकानदार सिमेंटचा पत्रा म्हणे, गवंडी सिमेंटचा पत्रा म्हणे, आम्हीही तेच म्हणत होतो.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. बेचाळीसपैकी तेरा पत्रे फुटले. आठवडाभर आई ओटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली राहिली. पत्रे मिळत नव्हते, मिळाले तर दुप्पट भावाने. दादाने कसेबसे चौदा आणले, तेरा चढवले, एक जादा ठेवला. फुटलेल्यांपैकी चार अर्धेमुर्धे पत्रे शेजारच्या अण्णांनी कोंबड्यांच्या खुराड्यासाठी नेले. उरलेले तुकडे मी स्वतः खराट्याने गोळा केले आणि हातोडीने बारीक करून विहिरीकडे जाणाऱ्या वाटेत भरले. पावसात तिथे चिखल व्हायचा. वाट छान झाली म्हणून मी खूश होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ज्यांची ज्यांची चूक मी दाखवणार आहे, त्या सगळ्यांच्या आधी माझा नंबर लागतो.

१५ नोव्हेंबर २०२३, भाऊबीज. दोन दिवसांपूर्वी वानराने एक पत्रा फोडला होता. सुतार जादा पत्रा खळ्यात ठेवून ग्राइंडरने कापत होता. करड्या धुळीचा लोट ओटीपर्यंत येत होता. मी दादाला ओवाळत होते आणि मेलबर्नची भाची व्हिडिओ कॉलवर होती. तिने मध्येच विचारलं, “मावशी, मागे ते काय कापतायत?” मी म्हटलं, सिमेंटचा पत्रा. ती ओरडलीच, “आधी बंद करायला सांग!”

तिने जुनं घर घेतलं होतं आणि न्हाणीघराची भिंत पाडण्याआधी तिला तपासणी करून घ्यावी लागली होती. तिकडे ३१ डिसेंबर २००३ पासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. १९९०च्या आधीचं घर म्हटलं की ते असणारच असं धरून चालतात, आणि दहा चौरस मीटरपेक्षा जास्त काढायचं तर ठेकेदाराकडे परवाना लागतो. इथे आमचा सुतार तोंडाला रुमालही न बांधता कापत होता, आणि बाजूच्या सुपात आईचे तांदूळ निवडायला ठेवलेले.

सुतार थांबला, पण चिडला. “पंधरा वर्षं हेच करतोय ताई, मला कधी साधा खोकला नाय.” मला त्या क्षणी काही उत्तर सुचलं नाही. त्या रात्री वाचत बसले तेव्हा कळलं की नेमकी तीच यातली अवघड गोष्ट आहे. ॲस्बेस्टॉस म्हणजे खनिजाचे अतिबारीक तंतू. डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातात आणि शरीर ते विरघळवू शकत नाही. त्यातून फुप्फुस घट्ट होत जातं, तो ॲस्बेस्टॉसिस. फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. फुप्फुसाच्या आवरणाचाही एक कर्करोग आहे, मेसोथेलिओमा, त्याचं मुख्य कारण ॲस्बेस्टॉसच आहे. आणि हे सगळं दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. पंधरा वर्षांत खोकला आला नाही याचा अर्थ काहीच होत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आईला दोन-तीन महिन्यांपासून कोरडा खोकला होता.

डॉक्टरांकडे जायला ९ डिसेंबर उजाडला. ठाण्याच्या एका छातीच्या डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. त्या तीन आठवड्यांत मी आईला मनातल्या मनात काय काय रोग लावले ते विचारू नका. फी १,२०० रुपये. डॉक्टरांनी पत्र्यांबद्दलची माझी सगळी कहाणी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, “आधी त्यांच्या गोळ्या दाखवा.” रक्तदाबाच्या गोळीत रामिप्रिल होतं. त्याने काही लोकांना असाच कोरडा खोकला येतो. गोळी बदलून दिली. साधारण तीन आठवड्यांत खोकला गेला. मी हसावं की रडावं अशा अवस्थेत. तुम्हीही घाबरून डॉक्टरांकडे जाल तेव्हा गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

पण त्यांनी पुढे एक प्रश्न विचारला जो माझ्या डोक्यातच आला नव्हता. घरात कुणी गोदीत, गिरणीत, कारखान्यात कामाला होतं का? आई म्हणाली, “हे होते ना, गोदीत.” बाबा मुंबईच्या गोदीत चोवीस वर्षं होते. जहाजाच्या इंजिनखोलीत नळांना गुंडाळलेलं वेष्टन काढायचं काम त्यांनी बरीच वर्षं केलं. ते वेष्टन त्या काळी बहुतेक ॲस्बेस्टॉसचंच असायचं. १९७८ ते ८६ आई त्यांच्याबरोबर शिवडीला खोलीत राहायची. डॉक्टरांनी विचारलं, कपडे कोण धुवायचं?

आईने उत्तर दिलं आणि पुढे स्वतःहूनच सांगितलं की धुण्याआधी ती ते कपडे गॅलरीत झटकायची, “नायतर बादलीत नुसता राखाडी चिखल व्हायचा.”

कामगाराच्या कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीने बायकामुलांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. डॉक्टरांनी हे सांगितलं, पण घाबरवून नाही. म्हणाले, संपर्क आला म्हणजे रोग होतोच असं नाही, बहुतेकांना काही होत नाही. पण आजवरचा संपर्क किती हे माहीत असलेलं बरं, आणि पुढे कधी दम लागला, छातीत पाणी झालं तर ही गोष्ट नव्या डॉक्टरला सर्वात आधी सांगायची. एक्स-रे ५०० रुपये, श्वास फुंकून करायची पीएफटी १,४०० रुपये, एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, ४,२०० रुपये. एचआरसीटी एरवी लिहून दिला नसता, आईच्या कपडे धुण्यामुळे दिला, असंही त्यांनी स्पष्ट केलं. तिन्ही तपासण्या ठीक आल्या. फाइलवर त्यांनी ठळक लिहिलं: ‘घरगुती संपर्क, १९७८–८६’. ते पान मी प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलंय. बाबा २०११ साली हृदयविकाराने गेले. त्याचा याच्याशी काही संबंध नाही आणि मी तो जोडणारही नाही.

घरावरच्या पत्र्यांबद्दल त्यांचं म्हणणं असं: पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. पत्रा अखंड असेल तर त्याखाली झोपल्याने हवेत फारसं काही येत नाही. कापला, भोक पाडलं, फोडला, तारेच्या ब्रशने शेवाळ घासलं की येतं. सुरक्षित म्हणावी अशी खालची पातळी कुणी सांगू शकत नाही, म्हणून जेवढी धूळ टाळता येईल तेवढी टाळायची. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला दुहेरी मार बसतो, दोन्ही मिळून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. हे ऐकून दादाने काही बोलण्याऐवजी खिशावरून हात फिरवला.

मग पत्रे ठेवायचे की काढायचे? आमचे जुने पत्रे पंचवीस वर्षांचे झाले होते. शेवाळ धरायचे, आणि दरवर्षी मे महिन्यात माणूस लावून आम्ही ते घासून घ्यायचो. कडा भुगा होऊन पडत होत्या. शिवाय वानरं. वर्षाला एक-दोन पत्रे फुटणार, दर वेळी कापाकापी होणार. काढायचं ठरलं. तुमचे पत्रे धड असतील, वानरं नसतील, तर घाईने हात लावू नका असंच मी सांगेन. रंग मारून, न घासता, तसेच ठेवता येतात.

ते ॲस्बेस्टॉसचेच आहेत हे कसं ओळखायचं? एका प्रयोगशाळेने एका नमुन्याचे साडेचार हजार सांगितले. ते वाचले ते असे: दादाने टॉर्च घेऊन आतल्या बाजूने २०२०चे पत्रे पाहिले, त्यांवर छापलं होतं ‘आय.एस. ४५९’. हे भारतीय मानक ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नालीदार पत्र्यांचंच आहे. ॲस्बेस्टॉस नसलेल्या तंतू-सिमेंटच्या पत्र्यांना वेगळं मानक आहे, आय.एस. १४८७१. जुन्या पत्र्यांवरचं छापील पुसलं होतं, पण १९९८ सालचा सिमेंटचा पत्रा वेगळा असण्याची शक्यता जवळपास नाहीच. संशय असेल तर आहे असं धरून वागावं.

एक गोष्ट मला समजेना. हे एवढं वाईट, तर दुकानात मिळतं कसं? साठाहून जास्त देशांनी बंदी घातली आहे. आपल्याकडे खाणकाम बंद आहे. निळा आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसही चालत नाही. पण पांढरा, म्हणजे क्रायसोटाइल, रशिया, कझाकस्तान, ब्राझीलहून येतो आणि त्याचे पत्रे कायद्याने विकता येतात. जागतिक आरोग्य संघटना मात्र सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला कर्करोगकारकच म्हणते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याला जगण्याच्या हक्काचा भाग मानलं आणि कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षं ठेवावी असा आदेश दिला. चाळीस वर्षं! रोग किती सावकाश येतो ते न्यायालयाला ठाऊक होतं. २०११ साली बंदी मागणारी याचिका मात्र त्याच न्यायालयाने फेटाळली. बाबांच्या नावाची अशी नोंद कुठे असेल का, असं आईने विचारलं. गोदीत कंत्राटदाराकडे असलेल्या माणसाची कसली नोंद.

८ जानेवारी २०२४ ला ग्रामपंचायतीत गेले. मला वाटलं होतं, दुरुस्ती आहे, कळवलं की झालं. ग्रामसेवक म्हणाले, दुरुस्तीला हरकत नाही, पण छपराचा प्रकार बदलणार म्हणजे नमुना आठला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, नोंद बदलायला अर्ज द्या. नमुना आठ काढला तर घर अजून बाबांच्याच नावावर. तेरा वर्षं आम्ही घरपट्टी भरतोय आणि कुणालाच ते दिसलं नव्हतं. आता आधी वारस नोंद. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची आधारं, तेव्हा चालणाऱ्या शंभरच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र, आत्याच्या मुलाची पंच म्हणून सही. मग मासिक सभेत विषय. जानेवारीची सभा गणसंख्येअभावी तहकूब. २६ फेब्रुवारीला ठराव झाला. नशीब म्हणायचं, कारण १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि त्यानंतर ज्या कुठल्या कार्यालयात गेले तिथे एकच उत्तर मिळालं. तुमचं घर कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा, छप्पर बदलायचं नसलं तरी.

या काळात दुसरा प्रश्न सोडवत होते: उतरवलेले पत्रे टाकायचे कुठे? २०१६च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत टाकून दिलेल्या ॲस्बेस्टॉसचा उल्लेख आहे, पण तो कारखान्यांच्या संदर्भात. घरातून निघालेल्या पत्र्यांचं काय? जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात गेले. कोणतं ते सांगत नाही. तिथल्या साहेबांनी विचारलं, “उद्योगाचं नाव?” मी म्हटलं, घर. “मग युनिटचा पत्ता?” मी पुन्हा, घर. त्यांनी पेन खाली ठेवलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, मॅडम, आजवर कुणी विचारायलाच आलं नाही, लोक परसात टाकतात. लेखी अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला, पोच घेतली. त्यानंतर पाच आठवडे शांतता. फोन केला की “साहेब निवडणूक ड्युटीवर.”

पोच घ्या. अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर शिक्का-तारीख मारून घ्या. माझ्या हातात ती नसती तर डिसेंबरात मी पुन्हा पहिल्या पायरीवर उभी असते.

काम शिमग्यानंतर ठरवलं, कारण शिमग्यात कोकणात कुणी कामाला येत नाही आणि कुणी बोलावूही नये. २० एप्रिल, शनिवारी सुरुवात. आईला दापोलीत मावशीकडे पाठवलं. ती जायला तयार नव्हती, “माझं घर उघडं टाकून?” शेवटी देवाची मूर्ती आणि कोंबड्या घेऊन गेली.

फॅब्रिकेशनवाला आणि त्याची तीन माणसं. त्यांच्याशी आधीच बोलून ठरवलं होतं: ग्राइंडर नाही, ड्रिल नाही, पत्रा खाली फेकायचा नाही, कोरडं झाडायचं नाही. रोजाला दोनशे रुपये जास्त. छपरावर चढणाऱ्या दोघांसाठी रबरी अर्धमुखवटे आणि त्यांची अतिबारीक धूळ अडवणारी पी-१०० फिल्टरं, ४,४०० रुपये. खालच्यांसाठी वापरून टाकायचे एफएफपी-३ मास्क, वीस नग, २,८०० रुपये. अंगभर घालायचे पातळ पांढरे सूट बारा, १,८०० रुपये. ८०० गेजचा प्लॅस्टिक कागद आणि चिकटपट्टी, २,३०० रुपये. कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे कामाचा नाही, आणि दाढी असली तर चांगला मास्कही चेहऱ्याला नीट बसत नाही. एकाला मी दाढी काढायची विनंती केली. त्याने नकार दिला, मग तो सगळे दिवस खाली, कागद धरायला.

एप्रिलच्या उन्हात तो सूट घालून काम करणं म्हणजे काय, ते मी दुपारी अर्धा तास घालून पाहिलं. त्यानंतर कामाची वेळ सकाळी सहा ते साडेदहा केली. चार दिवस लागले ते त्यामुळेच, नाहीतर दोन दिवसांत संपलं असतं.

पद्धत अशी. फवारणीच्या पंपात पाणी आणि त्यात थोडी कपडे धुण्याची पावडर, म्हणजे पाणी पत्र्यात नीट मुरतं. आधी पत्रा भिजवायचा. पत्र्यावर थेट पाय नाही, वाशांवर आडव्या फळ्या टाकून त्यांवरून चालायचं. सिमेंटच्या पत्र्यातून आरपार खाली पडून माणसं जायबंदी होतात. मला तर ॲस्बेस्टॉसपेक्षा त्या चार दिवसांत याचीच जास्त भीती वाटली. पत्रे धरून ठेवणारे गंजलेले जे-बोल्ट आदल्या संध्याकाळी तेल घालून ठेवले होते. जे फिरले नाहीत ते बोल्ट कटरने तोडले. मग एकेक पत्रा दोघांनी उचलून शिडीवरून हातोहात खाली, कागदावर, पुन्हा फवारा, दोनदा गुंडाळून पट्टी. अडीच मीटरचा एक पत्रा पस्तीस किलोच्या आसपास भरतो, भिजला की आणखी. सूट काढताना आधी ओला करायचा आणि आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळायचा. मास्क सर्वात शेवटी. कपडे बदलूनच घरी जायचं. हा शेवटचा नियम मी सांगत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे शिवडीची गॅलरी होती.

सुतारही आला होता, भाऊबिजेचा तोच, वासे दुरुस्त करायला. दुसऱ्या दिवशी जाताना त्याने चार मास्क मागितले. “दुसऱ्या कामावर लागतील.” मी आठ दिले. त्यावर तो किंवा मी काही बोललो नाही.

चौथ्या दिवशी विहिरीची वाट उकरली. हे काम मी स्वतः केलं, मास्क, सूट, हातमोजे घालून, एक हात पाण्याच्या झारीवर ठेवून. चार वर्षांपूर्वी मीच फोडलेले तुकडे मातीतून वेचून काढायला सकाळ गेली. नऊ पिशव्या भरल्या.

आणि आता ज्याची मला अजिबात कल्पना नव्हती ते. पत्रे उतरताहेत ही बातमी पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत वाडीभर पसरली. संध्याकाळी माणसं येऊ लागली. कुणाला गोठ्यासाठी चार हवे होते, कुणाला लाकडांच्या खोपीसाठी, कुणाला संडासावर दोन. “अगो, चांगले पत्रे प्लॅस्टिकात बांधून फेकतेस?” धडधाकट पत्रा फुकट न देणं म्हणजे माजच की. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. कर्करोग हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस हसायचा, “मग तुझे बाबा काय मूर्ख होते?” एका काकूंनी तर आईला मावशीकडे फोन करून विचारलं की लेकीला मुंबईत काय झालंय. आईचा मला फोन. ती म्हणाली, देऊन टाक, शेजारपाजार राखायचा असतो.

मी दिले नाहीत. पण त्या वेळी माझं सगळं बरोबर होतं असं मला आजही वाटत नाही. ज्याच्या गोठ्यावर माडाची झापं आहेत, त्याला मी तीस वर्षांनंतरच्या रोगाची गोष्ट सांगत होते आणि त्याच्या गाई या पावसात भिजणार होत्या. शेवटी गोठेवाल्याला मी साधे लोखंडी पत्रे आणायला तीन हजार दिले, उसने म्हणून. इतरांना काही दिलं नाही. दोन घरांशी बोलणं गणपतीपर्यंत बंद होतं.

नवं छप्पर रंगीत लोखंडी पत्र्यांचं केलं. पत्रे ६४,००० रुपये, लोखंडी चॅनल आणि वासेदुरुस्ती ३१,५००, खालून उष्णतेसाठी चकाकणारा फोम १४,०००, मजुरी उतरवण्यासकट ४६,०००. पावसात आवाज होतो, ते खरं आहे. पहिल्या पावसात आई म्हणाली, तव्यावर लाह्या फुटतायत. फोम नसता तर मे महिन्यात घरात बसवलं नसतं.

गुंडाळलेले बेचाळीस पत्रे आणि नऊ पिशव्या मागच्या गडग्याला लागून, खाली फळ्या, वर ताडपत्री, अशा आठ महिने पडून होत्या. प्रत्येक बंडलावर मी मार्करने ‘ॲस्बेस्टॉस, उघडू नये’ असं लिहिलं. पावसाळ्यात दर महिन्याला दादा जाऊन ताडपत्री बघून यायचा. सप्टेंबरात गणपतीला गेले तेव्हा जुन्या पोचेची प्रत घेऊन त्याच कार्यालयात गेले. आता नवे साहेब. त्यांनी अर्ज शोधला, सापडला. “करतो,” म्हणाले. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. मी फोन करणंच सोडून दिलं.

९ डिसेंबर २०२४ ला अडीच ओळींचं पत्र आलं: कचरा घरगुती स्वरूपाचा असला तरी तो अधिकृत केंद्राकडेच द्यावा. बस्स, एवढंच. पण त्या अडीच ओळी दाखवल्यावर धोकादायक कचरा वाहून नेणारा एक परवानाधारक वाहतूकदार तयार झाला. त्याआधी तिघांनी, “एवढ्याशा मालासाठी गाडी परवडत नाही,” म्हणून फोन ठेवला होता. तोही म्हणाला, औद्योगिक वसाहतीतून गाडी निघेल त्या दिवशी येतो, तारीख सांगणार नाही. पत्र्यांसाठी वाहतुकीचा फॉर्म १० भरायचा असतो, सात प्रती, सात रंगांच्या. पाठवणाऱ्याच्या रकान्यात आईचं नाव आणि घर क्रमांक लिहिताना त्याच्या माणसाला गंमत वाटली.

१० जानेवारी २०२५ ला सकाळी साडेसातला गाडी आली, आदल्या रात्री नऊला फोन करून. वजनकाट्यावर १,६९० किलो भरलं. तळोज्याच्या केंद्रापर्यंतची वाहतूक आणि तिथले पैसे मिळून २३,८०० रुपये. डॉक्टरांचे पैसे सोडून एकूण खर्च झाला १,९०,६०० रुपये. त्यातले ३५,१०० केवळ पत्रे नीट उतरवून नीट पोचवण्याचे. दादा अजून त्या ३५ हजारांचा विषय काढतो. काढू दे, निम्मे त्यानेच दिलेत.

गाडी गेल्यावर मागे गडग्याशी पिवळं पडलेलं गवत होतं, आठ महिने उजेड न मिळालेलं. मी ते बघत उभी होते तेव्हा अण्णांच्या कोंबड्या पलीकडून ओरडत होत्या. त्यांच्या खुराड्यावर आमचे चार पत्रे अजून आहेत, २०२०च्या वादळात फुटलेले, आम्हीच दिलेले. एका पत्र्याची कड तुटलीय आणि अण्णांनी तिच्यावर दगड ठेवलाय. मी त्यांना म्हटलं, अण्णा, मी नवे लोखंडी घालून देते, हे मला परत द्या.

अण्णा म्हणाले, “आता कोंबड्या बसल्यायत अंड्यांवर. शिमगा झाल्यावर बघू.”